तीनशे दहा पावलांचा दगड

आमच्या वाडीत पाहुणा आला की आधी पाणी देतात, मग चहा, आणि चहा निवायच्या आत कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "रे, ता काकीच्या पेजेचा सांग मरे एकदा." मग मी सांगतो. म्हणजे सांगायचो. बरीच वर्षं सांगत होतो, आणि दर वर्षी गोष्ट आदल्या वर्षीपेक्षा हातभर वाढत होती. ती अशी:

"त्या दिवशी खाणीत मी असो बार भरलंय की मालवणचे कावळे दोन दिवस आधीच बोचकी बांधून वेंगुर्ल्याक पावण्यांकडे गेले. बटण दाबलंय. डोंगर आधी शिंकलो, मगे खोकलो, आणि हत्तीएवढो एक काळो दगड जो वर गेलो तो गेलोच. देवबागच्या होडयेवाल्यांनी बघलो आणि घार समजान मासळी झाकून ठेवली. वर जाऊन दगड दमलो. एका ढगार टेकलो, तंबाखू मळली, खाल्ली, आणि उतरलो तो थेट आमच्या काकीच्या मांगरात. एक कौल फुटला नाय! दोन कौलांच्या फटीतसून आत, आणि चुलीवरच्या पेजेच्या मडक्यात डुबुक! मडक्याक चीर नाय. काकीन डवल्यान पेज चाचपल्यान आणि म्हणता कशी, आज तांदूळ काय शिजाक नाय. मगे दगड बघल्यान, आणि घेतल्यान केरसुणी! पुढे मी, मागे काकी, खाणीपासून खारेपाटणाच्या पुलापर्यंत. धावता धावता तिच्या पायाची बोटां गेली. तेवांपासून लंगडता ती."

शेवटच्या वाक्याला हशा ठरलेला. एकदा तर एक पाहुणा हसता हसता खाटेवरून खाली पडला. (पडला नव्हता. नुसता खोकला होता. बघा, सवय जात नाही.)

आता खरं लिहायला बसलोय. पहिल्याच कागदावर ‘हत्तीएवढा दगड’ असं पुन्हा लिहून बसलो आणि खोडलं. दगड नारळाएवढा होता. सोललेल्या नारळाएवढा.

आमचा गाव समुद्रापासून आत. भात, काजू, आंबा, आणि डोंगराच्या एका बाजूला काळ्या दगडाची खाण. खाली खडी फोडायचा क्रशर. मी त्या खाणीत बार उडवणारा, परवाना असलेला. काम ऐकायला भारी वाटतं, करायला तसं साधं. डोंगराला मशीनने उभी भोकं पाडतात, त्यांना आम्ही होल म्हणतो. होलाच्या तळाशी स्फोटकाच्या कांड्या सोडायच्या, वायर बाहेर ठेवायची आणि वरचा भाग माती नि बारीक खडीने ठासून बंद करायचा. ती ठासलेली माती म्हणजे बाटलीचं बूच. बूच घट्ट असलं की सगळा जोर दगडात शिरतो, डोंगर आतल्या आत फुटतो आणि पायाशी येऊन बसतो. बूच ढिलं असलं की जोर वरच्या तोंडातून सुटतो आणि जाताना वाटेतला दगड घेऊन जातो. ज्याचे दगड पायाशी बसतात तो चांगला बारवाला. माझे दगड पायाशी बसतात, अशी माझी ख्याती होती.

त्या दिवशी अकरा होल होते. दहा नीट ठासले. अकराव्याला माती संपली. मातीचा ढीग खाली चाळीस-पन्नास पावलांवर, आणि इकडे काजूच्या सावलीत दोन ड्रिलवाले आणि एक ट्रकवाला माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. मी त्यांना बिबट्याची गोष्ट सांगत होतो. आमचा भोंगा ऐकून रोज वेळेवर पाणी प्यायला येणाऱ्या बिबट्याची. गोष्ट अशा जागी आली होती की उठून माती आणायला गेलो असतो तर बिबट्या थंड झाला असता. म्हणून मी काय केलं? हाताशी काजूचा सुका पाला पडला होता, तो मूठ-मूठ होलात कोंबला. वर ओंजळभर माती. टाचेने दाबली. वरून बघाल तर अकराही होल सख्ख्या भावांसारखे. बिबट्या पाणी पिऊन गेला, सगळे हसले, आणि मी बटण दाबलं.

दहा होल ‘धप्प’ म्हणाले. अकरावा ‘धप्प’ म्हणाला नाही. त्याच्या आवाजात शिटी होती. बारवाल्याला ती शिटी ओळखायला शिकवावं लागत नाही. मी वर बघितलं आणि दगड जिकडे गेला तिकडे धावत सुटलो. ड्रिलवाल्यांना वाटलं मी धार मारायला चाललोय.

दगड काकीच्या मांगराकडे गेला होता.

काकी माझी रक्ताची कोण नव्हे. वाडीतल्या सगळ्यांचीच काकी. घोव लवकर गेला, मूलबाळ नाही, काजूची पन्नासेक झाडं एकटीने सांभाळते. काजूच्या दिवसांत सकाळी मांगरात येते, संध्याकाळी घरी जाते. मांगर म्हणजे बागेतलं कौलारू खोपट: एक चूल, एक मडकं, बसायला पाट. त्या दुपारी ती पाय पसरून बसली होती आणि काजूच्या बोंडवांच्या बिया पिरगळून काढत होती. दगड दोन कौलं फोडून आत आला आणि तिच्या डाव्या पायावर बसला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट.

पेजेचं मडकं होतं, ते खरं. दगड त्याला शिवलासुद्धा नाही. कौलांचा चुरा तेवढा पेजेत पडला होता. माझ्या अख्ख्या गोष्टीत मडक्याचा वाटा एवढाच.

मी दारात उभा. तिच्या पायाकडे बघवत नव्हतं. ती पांढरी पडली होती, पण ओरडली नाही. मला म्हणाली, "झिला, ती पेज खाव नको हां. कौलांची माती पडली हा तेच्यात."

तिला पाठीवर घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत चालत आलो, तिथून रिक्षाने डॉक्टरकडे. त्या चालण्यात मी तिच्याकडे भीक मागितली. खाण बंद होईल, चाळीस घरांच्या चुली विझतील, माझा परवाना जाईल. चाळीस घरं आधी घेतली आणि परवाना शेवटी, हे मला तेव्हाही कळत होतं. ती कण्हत म्हणाली, "माका कित्याक समजायतंस? तू लोकांक काय सांगतलंस ता सांग. मी तसाच सांगान."

आणि तिथेच, तिला पाठीवर घेऊन चालताना, मी ती गोष्ट रचली. ढग, तंबाखू, केरसुणी, सगळं. ती कण्हत होती आणि मी तिला हसवत होतो. गोष्टीत खारेपाटणचा पूल आला तेव्हा ती एकदा हसली. खरोखर हसली, तिचं पोट माझ्या पाठीवर हललं ते मला कळलं. त्या एका हसण्याला मी परवानगी समजलो. डॉक्टरकडे ती म्हणाली, पायावर ओंडका पडला.

दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन मांगरावर दोन नवी कौलं घातली. मग होलापासून मांगरापर्यंत चालत अंतर मोजलं. तीनशे दहा पावलं. अंतर मोजल्याशिवाय बारवाल्याला चैन पडत नाही. पण मोजून कुठे लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते ढगाचं.

गोष्ट चालली. बारशाला चालली, सत्यनारायणाला चालली, गणपतीत पाहुण्यांसमोर चालली. काकी कडेला बसलेली असायची, डावा पाय लुगड्याखाली ओढून, आणि बरोबर जागेवर हसायची. एकदा वाडीत नव्याने आलेल्या सुनेने तिला विचारलं, "काकी, खरांच धावलात तुमी ह्यांच्या मागे?"

काकी म्हणाली, "व्हय तर! धरलंय असतंय तर आज ह्यो मेलो सांगाक उरलो नसतो."

सगळे लोळले. मला तिचा केवढा अभिमान वाटला! माझ्या गोष्टीत ती आपल्या पदरचं वाक्य घालत होती. वाक्य घालताना तिने पाय आणखी आत ओढला, ते मी बघितलं होतं. बघून पुढे सांगत राहिलो.

पुढे काही वर्षांनी वाडीतल्या भिंतींना चिरा जायला लागल्या. लोक खाणीच्या मालकाकडे, शेटकडे गेले, तक्रार वर गेली, आणि शेटने घाटावरून एक इंजिनिअर मॅडम आणल्या. बार सुरक्षित कसे करायचे ते बघणं हे त्यांचं काम. अंगाने किरकोळ, पण खाणीत शिरल्या की ड्रिल मशीनसुद्धा हळू बोलायचं. (हे मात्र जवळजवळ खरं आहे.) जमिनीचा हादरा मोजायची पेटी त्यांनी आणली. सगळे होल एकदम न उडवता पापणी लवायच्या आत एकामागून एक उडवायचे, म्हणजे हादरा वाटला जातो, हे समजावलं. भोंगा तीनदा, माणसं मोजून बाहेर. आणि एक बांबूची काठी. तिच्यावर तांबड्या रंगाची खूण: वरून इथपर्यंत मातीच, दुसरं काही नाही. प्रत्येक होल त्या काठीने तपासायचा.

"मॅडमांनी बाराक शाळेत घातल्यानी," असं मी चहाच्या दुकानात सांगितलं. "आता दगड उडायच्या आधी हात वर करून विचारतलो, बाई, मी जाव?" दुकान हसलं. त्या काठीवरची तांबडी खूण बघताना मला अकरावा होल आठवला होता, ते दुकानात सांगितलं नाही.

मग तो प्रश्न आला. शेडमध्ये टेबलावर नकाशा, आम्ही सगळे भोवती. मॅडमनी पेन उघडलं.

"आजवर तुमच्या बारातला सगळ्यात लांब गेलेला दगड किती लांब गेलाय?"

ज्याने देवबागपर्यंत दगड पाठवला, ढगावर बसवला, तो मी. उभ्या जन्मात एक आकडा मी कमी करून सांगितला नव्हता. माझ्या थापेतला मासा होडीत मावत नसे. आणि त्या टेबलापाशी मी म्हणालो, "साठ-सत्तर मीटर, मॅडम. फार तर शंभर."

का, ते लिहितो. तीनशे दहा पावलं सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता: कुठला होल, कसा ठासला होता? आणि त्या होलातून काजूचा पाला बाहेर आला असता. माझे दगड पायाशी बसतात, एवढीच माझी अब्रू होती.

मॅडम म्हणाल्या, "दुकानात मी काहीतरी वेगळंच ऐकलं. कुणा काकींच्या पेजेत दगड..."

"त्याच दगडाने ढगावर तंबाखू मळली, मॅडम. तेही लिहा," मी म्हणालो. सगळे खो-खो हसले, मॅडमही हसल्या, आणि शंभर लिहून पेन मिटलं. माझ्या सगळ्या थापा त्या एका खोट्यासाठी साक्षीला उभ्या राहिल्या.

पण बाई पक्की. दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन भोवतालची घरं, बागा फिरली. काकीच्या मांगरापाशी थांबून तिने विचारलं, "मावशी, इकडे कधी दगड आला होता का?"

काकी उठून दाराशी आली. "इलो होतो गो बाये," ती म्हणाली. "माझ्या मांगरात इलो होतो."

आमची सगळी पलटण फुटली. ड्रिलवाला म्हणाला, "पेजेत पडलो मां, काकी?" ट्रकवाला म्हणाला, "तंबाखू उरली काय वायच?" काकीने कोणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

मी बोललो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत म्हणालो, "पेज कशी झाली होती, काकी?"

तिने माझ्यावरची नजर काढली. मग म्हणाली, "बरी झाली होती," आणि आत गेली. मॅडमनी वहीत काही लिहिलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. त्यांतल्या बऱ्याच परत मारीन. पण तो एक प्रश्न मला परत गिळता आला असता तर मी जीभसुद्धा त्याच्याबरोबर गिळली असती.

मॅडम म्हणाल्या, "शंभर म्हणता ना, मी दोनशे मीटर धरते." आणि काजूच्या बुंध्यांवर चुन्याची पांढरी रेष मारून घेतली. रेषेच्या आत बाराच्या वेळी एकही माणूस नको. रेषेच्या बाहेर, कायद्यातल्या मोठ्या रिंगणापर्यंत, भोंगा झाला की माणसांनी छपराखाली बसायचं. काकीचा मांगर रेषेपासून चाळीसेक पावलं बाहेर राहिला. नकाशावर त्याचा चौकोन काढून आत लिहिलं: छप्पर आहे.

संध्याकाळी काकी आमच्या घरापुढच्या खळ्यात आली. मी सुपारी सोलत होतो. ती बसली नाही.

"रे, चुनो कोणी लावलो?"

"मॅडमांनी."

"आणि मोजाप कोणी दिला?"

मी सुपारी सोलत राहिलो.

"माझो मांगर रेषेच्या भायर कसो?"

"काकी, आता नवी पद्धत इली हा. माती काठयेन मोजून घालतले. दगड आता उडूचोच नाय."

"मगे रेष तरी कित्याक व्हयी?"

मी पुढची सुपारी उचलली.

"गजालीत माका किती फिरवतंस ता फिरव," ती म्हणाली. "खारेपाटणाक ने, गोयांक ने. मी कधी नाय म्हटलंय? पण चुन्यात खोटा घालू नको. गजाल ऐकान माणूस हसता. चुनो बघून माणूस थय बसता." मग काठी टेकत वळली आणि जाता जाता म्हणाली, "उद्या बार आसा मां? मी मांगरात बसतलंय. मॅडमांनी सांगल्यानी तशी, छपराखाली."

आतून बायकोने विचारलं, "काय म्हणी होती काकी?"

"काय नाय. सुपारी कशी झाली इचारी होती," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नव्या पद्धतीचा पहिला बार. बार दुपारी, पण होल भरायच्या आधी सकाळी गाऱ्हाणं घालायची आमची रीत आहे. नारळ ठेवून एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सांगणारा नेहमी मीच, कारण माझा आवाज भोंग्यापेक्षा बरा. शेट हात जोडून डोळे मिटून उभे. कामगार उभे. मॅडम हेल्मेट काढून उभ्या.

"बा देवा म्हाराजा, आज हय तुझी लेकरां नव्या कामाक हात घालतत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांनी सगळी खबरदारी घेतलेली आसा, कोणाक..."

इथे माझी नजर वर गेली. समोर, काजूंच्या शेंड्यांवरून, मांगराचं छप्पर दिसत होतं. सगळी कौलं काळी पडलेली आणि मध्ये दोन तांबडी. माझीच. इतकी वर्षं ती तिथे होती, आणि इतकी वर्षं मी ‘एक कौल फुटला नाय’ म्हणून सांगत होतो. त्या छपराखाली काकी येऊन बसली असणार. माणसांसमोर खोटं बोलायचा मला सराव आहे. देवासमोर सराव नव्हता. तोंडातून निघून गेलं:

"बा देवा, मी मॅडमांक शंभर मीटर सांगलंय ता खोटा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"माझो दगड तीनशे धा पावलां गेल्लो..."

"व्हय म्हाराजा!"

"काकीचो पाय माझ्यामुळे मोडलो..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे एका सुरात, ठासून. माझ्या एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढी एकमुखी मान्यता आजवर मिळाली नव्हती. कोणी ऐकलंच नव्हतं. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतो? सूर खाली आला की व्हय म्हाराजा म्हणायचं. ड्रिलवाला नारळ फोडायला वाकलासुद्धा.

आणि आता सगळ्यात वाईट ते लिहितो. मला हायसं वाटलं. देवाला सांगितलं, कोणाला कळलं नाही, दोन्ही बाजू सांभाळल्या. मी कपाळाला हात लावला आणि कांड्यांच्या पेटीकडे वळलो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तीनशे दहा पावलं काय?"

त्यांना आमची बोली कळत नसे, म्हणून त्या एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत. अख्ख्या खाणीत माझं गाऱ्हाणं खरोखर ऐकणारं माणूस तेवढं एकच होतं.

ड्रिलवाला हसला. "मॅडम, ह्येचा काय मनार घेतास! ह्यो देवाकसुद्धा गजालीच सांगता."

"तंबाखूचा ऱ्हवला मरे," मागून कोणीतरी. पुन्हा हशा. सुटायची वाट त्यांनी माझ्यासमोर अगदी झाडून साफ करून ठेवली होती. मी नुसता हसलो असतो तरी संपलं असतं.

मी म्हणालो, "मॅडम, त्या छपराकडे बघा. सगळी कौलं काळी आहेत. दोन तांबडी का आहेत, ते विचारा मला."

सगळ्यांनी बघितलं. मग हळूहळू हशा थांबला, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तसा.

आम्ही सगळे मांगरात गेलो. काकी पाय पसरून बसली होती, त्या दिवशीसारखीच. दाराशी तोच दगड होता, उडून आलेला. ती त्याच्यावर भाजलेल्या बिया फोडते. वरून काळाकुळकुळीत झालेला. मॅडमनी तो उलटा केला. खालच्या बाजूला नळी उभी चिरावी तशी अर्धगोल खोबण होती, ड्रिलची. डोंगरात आपोआप असा दगड होत नाही. मॅडमनी खोबणीत बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशी, हा कधी आला?"

"तेका इचारा," काकी म्हणाली.

मी सांगायला लागलो. ऑफिसात बोलतो तशी शुद्ध मराठी धरली होती, पाल्यापर्यंत येता येता ती सुटली. बिबट्याची गोष्ट, अकरावा होल, काजूचा सुका पाला, वर ओंजळभर माती. शेट ऐकत होते, ड्रिलवाले ऐकत होते. कोणी हसलं नाही. मला सवय नव्हती त्याची.

मॅडम काकीला म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं होतंत. मी लिहिलं नाही."

"तुमी निदान मोठ्यान हसलात नाय," काकी म्हणाली. बस्स, एवढंच. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी बार उडाला नाही. होलांवर गोणपाटं टाकली. मॅडमनी टेप लावून मोजलं, नवी रेष ठरवली, मांगराच्या कितीतरी पलीकडे, आणि चुन्याची बादली माझ्या हातात दिली. एकेका बुंध्याला मी ब्रश फिरवला. जुनी रेष पुसता येईना. पावसापर्यंत माझं खोटं आणि खरं, दोन्ही काजूंवर दिसत होती.

होल भरायचं काम माझ्याकडून गेलं. तिथे आता दुसरा आहे. काठीची तांबडी खूण दिसेपर्यंत कोणाशी बोलत नाही. नव्या पद्धतीचा पहिला बार आठवड्याने झाला. शिटी नाही, काही नाही. डोंगर नुसता खांदे पाडून खाली बसला. माझ्याकडे आता वही आहे. प्रत्येक बारानंतर सगळ्यात लांबचा दगड शोधायचा, टेपने मोजायचा, आकडा लिहायचा. त्या दिवशी अडतीस मीटर. अडतीसला काय तिखटमीठ लावणार?

चहाच्या दुकानात मी खरी गोष्ट सांगून बघितली. पाल्यापाशी आलो तर सगळे टाळ्या देऊन हसले. "पाल्याचा ह्या नवीन घातलंस मां? बरा आसा!" पुढे अंगठ्यापर्यंत मी गेलोच नाही. तेव्हापासून पाहुणे आले की मी उठून गुरांना पाणी दाखवायला जातो.

दुसरं काम मी मागून घेतलं. मांगर आता रेषेच्या आत आहे, म्हणून प्रत्येक बाराआधी काकीला रस्त्यापर्यंत आणावं लागतं. मी जातो. पहिल्यांदा पाठीवर घेतो म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या पाठीर एकदा बसलंय ता पुरे." त्यामुळे चालत. माझ्या गोष्टीत ती खाणीपासून खारेपाटणच्या पुलापर्यंत धावत गेली होती. खरं म्हणजे मांगरापासून डांबरी रस्त्यापर्यंत यायला तिला तीनदा बसावं लागतं. वर सगळी खाण भोंग्याला हात लावून आमच्यासाठी थांबलेली असते, आणि मी तिच्या पायाच्या चालीने चालतो. वाटेत गप्प असतो. सुचत नाही काही.

परवा तिसऱ्या बसकीला ती दगडावर टेकली, पदराने मान पुसली आणि पाय चोळत म्हणाली, "रे, खारेपाटणाचो पूल हयसून आणि किती लांब?"

ती हसत होती की नव्हती, मला कळलं नाही. मी रस्त्याकडे बघून मोजलं.

"एकशेवीस पावलां, काकी."

"माझी की तुझी?"

"माझी," मी म्हणालो. "तुझी दोनशे तरी होतीत."

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.